काकीची खुर्ची, गावकीची खुर्ची

गिरजाकाकीसाठी चाकाची खुर्ची घ्यायची होती, आणि ती निवडायला आम्ही पाच पुरुष पेणला गेलो. काकी घरीच होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जो घोळ झाला त्याचं मूळ तिथं आहे, आणि आजही आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी मिनीडोर रिक्षा चालवतो, पेण ते नागोठणे. गडब सोडलं की थोडं पुढं, हायवेला लागूनच आमचं गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर पंच त्यावर मीटिंग लावतील, आणि मी त्या मीटिंगांना पार विटलोय.

काकी माझी सख्खी काकी नव्हे. शेजारची, भावकीतली. महिपतीकाका गेले तेव्हा तिची शांती अजून शाळेत जात होती. भावकीनं सांगितलं, शेताचं आम्ही बघतो, तू दोन घास खाऊन गप घरात राहा. काकीनं एक दिवसही गप बसून दाखवलं नाही. हायवेच्या कडेला सामाईक जागेत तिनं पत्र्याचा गाळा उभा केला. शेंगा, काकड्या, पोह्याचे पापड, थंडीत वाल, उन्हाळ्यात कोकम सरबत. त्यावर तिनं शांतीला शिकवलं, रोह्याला चांगल्या घरात दिलं. मुंबईकडची गाडीवाली माणसं काच खाली करून घासाघीस करायला लागली की काकी काकडी परत टोपलीत टाकायची. "मॉलमधी करता का वो असं? तितं गुमान बिल भरता ना?" माणूस खजील होऊन दोन किलो जास्त घेऊन जायचा. त्या दुकानाला पाटी नव्हती, तरी सगळे त्याला गिरजाकाकीचं दुकानच म्हणायचे.

मग एके संध्याकाळी रस्ता ओलांडताना तिला मोटारसायकलवाल्यानं उडवलं. तो पळाला. काकीच्या पाठीचा कणा गेला. मोठ्या हॉस्पिटलात बरेच दिवस काढून ती घरी आली ती अशी, की कमरेच्या वर तीच खणखणीत काकी आणि कमरेच्या खाली काहीच नाही. खाटेवर ठेवल्या ठेवल्या तिनं मला विचारलं, "दुकान कोन उघडतंय?"

कोणीच उघडत नव्हतं. आणि तिथूनच हैबतरावाचा प्रश्न सुरू झाला. हैबतराव तिचा चुलत दीर, गावकीचा अध्यक्ष. गाळ्याखालच्या जागेत त्याचाही हिस्सा. तो खाटेशी येऊन म्हणाला, "वहिनी, लय कष्ट केलंत. आता आराम करा. गाळा एका मोबाईलवाल्याला भाड्यानं देतो. भाडं तुमच्या हातात आनून देईन, एक पैसा ठेवनार नाय." खरोखरच ठेवला नसता. हैबतराव वाईट माणूस नाही, आणि तीच तर अडचण आहे. वाईट माणसाला चार शिव्या घालून मोकळं होता येतं.

"मी दुकानात बसनार हाय," काकी म्हणाली.

"कशा बसनार? उचलून कोन नेनार रोज?"

"चाकाची खुर्ची आना. माजी मी जाईन."

हैबतराव हसला. लहान मुलानं विमान मागितलं तर हसतो तसा. मग म्हणाला, "बरं, गनपतीपातुर बगू. तवर तुमी दुकानात बसायला लागलात तर गाळा तुमचा. नायतर मी त्या मोबाईलवाल्याला हो म्हनतो." गणपतीत चाकरमानी गावाला निघतात, हायवेवर गाड्यांची रांग लागते, वर्षाचा धंदा त्या दिवसांत होतो. काकीनं मान डोलावली. दुकान गेलं असतं तर तिच्यापाशी ती खाट तेवढी उरली असती.

तोपर्यंत तिला उचलायचं काम माझं आणि माझ्या आईचं, म्हणजे कृष्णाबाईचं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं आणि दोघांनी दोन बाजूंनी धरायचं. संडासला, आंघोळीला, ओटीवर. काकी त्या वेळी डोळे मिटून घ्यायची. एकदा आईला म्हणाली, "आता मला मुतायला जायचं तरी गावाला सांगून जावं लागतंय गो." मी बाहेर जाऊन उगाचच गाडी पुसत बसलो. सरकारी शिबिरात खुर्चीसाठी नाव दिलं होतं, तिथल्या माणसानं "फोन येईल" म्हणून सांगितलं होतं. तो फोन अजून यायचाय.

आता गावकीचं सांगतो. आमच्याकडं गावकीची भांडी असतात. मोठी तपेली, पराती, पातेली, सतरंज्या, सगळं देवळामागच्या खोलीत कुलपात. कोणाकडं लग्न असो, बारावं असो, भांडी न्यायची, वापरायची आणि राखेनं घासून, धुऊन परत करायची. घासल्याशिवाय परत केलं तर पंच दारात येऊन बोलतात. चांगली पद्धत आहे. गरिबातल्या गरिबाचं लग्न त्यावर निघतं. हैबतरावाला वाटलं, खुर्चीही तशीच घ्यावी. मीटिंगमध्ये तो म्हणाला, "एकट्या वहिनींसाठी कशाला? गावकीतून घेऊ. आज वहिनींना, उद्या तुमच्या आईला, परवा मला. कोनाला चुकलंय?" सगळे म्हणाले, व्हय व्हय. काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. परात आणि पाय यांत फरक असतो, हे त्या सभेत एकाच्याही ध्यानात आलं नाही.

निघायच्या दिवशी काकीनं मला हाक मारली. हातात सुतळी होती, तिला गाठी मारलेल्या. "ही गाठ माज्या बुडाची. ही आपल्या दाराची. खुर्ची ह्या गाठीच्या आत बसली पायजे, नायतर दारातच अडकेल. आनि मोठ्या चाकांची घ्या. माज्या हातानं फिरवनार हाय मी." मी सुतळी खिशात टाकली.

पेणच्या दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, "पेशंट कुठाय?"

"घरी," हैबतराव म्हणाला.

"वजन किती? हात चालतात का? घराचं दार केवढं?"

पंच एकमेकांकडं बघायला लागले. मी सुतळी काढली. हैबतराव म्हणाला, "दिना, चपला घ्यायला आलाय का तू? ठेव ती सुतळी. गावकीची खुर्ची हाय, गावाला बसली पायजे. आपल्या गावच्या पोपटची आई बगितलीस का केवढी हाय? तिला काय मांडीवर घेऊन जानार?" आणि एवढं बोलून तो स्वतःच एकेका खुर्चीत बसून बघायला लागला. हैबतराव अंगानं भरलेला. पहिली घट्ट झाली, दुसरी चावली. तिसरीत तो ऐसपैस बसला, मान मागं टाकली आणि म्हणाला, "हां. ही खुर्ची."

ती सगळ्यांत रुंद होती. चकचकीत होती. आणि तिला चारही चाकं लहान होती. टोपलीएवढीही नाहीत.

दुकानदार बिचारा सरळ माणूस होता. म्हणाला, "ही दुसऱ्यानं ढकलायची खुर्ची आहे. हात चालत असतील तर मोठ्या चाकांची न्या. चाकाला बाहेरनं कडी असते, ती धरून पेशंटला आपलं आपण जाता येतं."

"आपलं आपन कशाला?" हैबतराव म्हणाला. "आमच्याकडं ढकलायला मानसांचा तोटा हाय का? आनि बाईमानसानी हायवेला चाकं हानत जायचं, गावानं ओटीवर बसून बगायचं? लोक आमच्या तोंडात शेन घालतील." शिवाय ही स्वस्त पडत होती. मी म्हणालो, काकीनं मोठ्या चाकांची सांगितली आहे. एक पंच म्हणाले, "बायांचं काय, सांगतात." झालं, बिल फाटलं. दुकानदारानं सांगितलं, एकदा नेली की परत घेणार नाही. परत कशाला करायची, म्हणून सगळे हसले.

खुर्ची गावात आली तशी तिच्या पाठीवर लाल ऑइलपेंटनं लिहिलं गेलं, ‘ग्रामस्थ मंडळातर्फे’. देवळासमोर ठेवून तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. हैबतरावानं भाषण केलं. मग काकीला प्लास्टिकच्या खुर्चीतून आणून त्या खुर्चीत बसवलं, फोटोसाठी. काकीनं नवं लुगडं नेसलं होतं. बसल्या बसल्या तिनं दोन्ही हात बाजूंना खाली सोडले, चाकं धरायला. हात तसेच लोंबत राहिले. ती चाचपत राहिली.

"चाकं कुटं हायत?"

"हायत की खाली," कोणीतरी म्हणालं.

"माज्या हाताला येतील अशी?"

हैबतराव पुढं झाला. "वहिनी, तुमी का तरास घेता? ढकलायला आमी हाव ना सगळे." फोटोवाला म्हणाला, काकी, हसा. काकी हसली नाही. तो फोटो अजून देवळात आहे, त्यात सगळे पंच हसतायत.

खुर्ची तिच्या दारात अडकली हे सांगायलाही नको. आत गेली नाही ती नाहीच. मग ठरलं, खुर्ची देवळामागच्या खोलीत भांड्यांबरोबर राहील, किल्ली हैबतरावाकडं, लागेल तेव्हा न्यावी. लागेल तेव्हा! म्हणजे काकीला दुकानात जायचं असेल तर आधी हैबतराव घरी हवा. तो शेतावर गेलेला नसावा, पेणला गेलेला नसावा. मग खुर्ची दुसऱ्या कोणी नेलेली नसावी. आणि मग ढकलायला कोणीतरी मोकळं हवं. ही तिन्ही गणितं जुळेपर्यंत दुपार व्हायची. कधी पोपटची आई दवाखान्यात गेलेली असायची, खुर्चीसकट. एका हळदीला तर व्हिडिओवाला त्या खुर्चीत बसला आणि त्याला दोन पोरं मांडवभर फिरवत होती, शूटिंग चांगलं येतं म्हणून. मी भांडलो. नवरीचा बाप म्हणाला, "तुझ्या काकीची हाय काय? गावकीची हाय." बरोबरच होतं त्याचं.

आणि कहर म्हणजे, परत करताना लोक नियमानं खुर्ची घासून द्यायचे. गावकीची वस्तू ना! राख, चिंच, काथ्या, वर चार बादल्या पाणी. चाकांच्या बेअरिंगमध्ये राख गेली, पाणी गेलं, गंज चढला. पावसाळा तोंडावर आला तोवर पुढचं एक चाक फिरायचंच बंद झालं. खुर्ची वरून मात्र आरशासारखी चकचकीत. हैबतराव अभिमानानं सांगायचा, "बगा, गावानं कशी निगा राखलीय."

एके दिवशी सगळं जुळून आलं. सकाळीच किल्ली मिळाली, एका शेजाऱ्यानं काकीला ढकलत दुकानापर्यंत नेलं आणि तो आपल्या कामाला गेला. मी पेणच्या फेरीला. वडखळला ट्रॅफिक तुंबलं, मी परत आलो तर ऊन कलायला आलेलं. काकी दुकानात बसलेली, ओठ कोरडे. समोर सरबताच्या बाटल्या, पण ती सकाळपासून घोटभरही प्यायली नव्हती. म्हणाली, "प्याले तर जायला लागतं. नेनार कोन?" त्यानंतर लक्षात आलं की तिचं लुगडं ओलं होतं. मी नजर फिरवली. ती म्हणाली, "नको फिरवू. बग. आनि मला रोह्याला ने."

"शांतीकडं ऱ्हायला?"

"खुर्ची घ्यायला. पोस्टातले माजे पैसे हायत. या वक्ताला मी सोता येनार."

त्या दिवशी मी गाडीत दुसरं पॅसेंजर घेतलं नाही. मागच्या बाकावर काकी, तिच्या एका बाजूला माझी आई, दुसऱ्या बाजूला आमच्या घरचा जेवायचा पाट. पाट कशाला, ते मला कळलं नव्हतं. नागोठण्याहून आत वळलो. निडी आली. ते काकीचं माहेर. मी विचारलं, थांबायचं का? "परतीला," ती म्हणाली. रस्त्यातल्या खड्ड्यांनी माझी कंबर बोलत होती. तिची बोलत नव्हती, आणि ते मला जास्त लागलं.

रोह्याच्या दुकानाला चढायला पायऱ्या होत्या. चाकाच्या खुर्च्या विकणाऱ्या दुकानाला पायऱ्या! मी कपाळाला हात लावला. दुकानदार वरूनच मला म्हणाला, "आजींना कशी हवी खुर्ची?"

"हिकडं बोला," गाडीतून काकी म्हणाली. "खुर्चीत हा बसनार नाय, मी बसनार हाय. आनि खुर्च्या खाली आना. मी काय तुमच्या पायऱ्या चढनार नाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, तिचं ऐका. भरबाजारात, रस्त्याच्या कडेला, एकेक खुर्ची खाली आली. गर्दी जमली. काकीनं गाडीच्या बाकावरून खुर्चीवर पाट तिरपा टाकला आणि हातांच्या जोरावर पाटावरून सरकायला लागली. तेव्हा मला पाटाचं कळलं. पहिल्या खुर्चीचे हात पक्के बसवलेले होते. पाट अडला. "न्या परत." दुसरीचे हात निघत होते, पण सुतळी लावली तर गाठीच्या बाहेर. "न्या." दुकानदार कुरकुरायला लागला, "आजी, सगळे हीच नेतात."

"सगळ्यांची दारं माज्या घराला नायत."

तिसरी काळी, मळकी, शोरूममध्ये मागं पडलेली. अरुंद. हात काढता येत होते. मागं मोठी चाकं, त्यांना कडी. काकी तिच्यात सरकली, दोन्ही हात खाली सोडले, आणि या वेळी हातांना चाकं लागली. ती जरा थांबली. मग कडी रेटली. खुर्ची पुढं गेली. परत रेटली. गर्दी बाजूला झाली. भाजीवालीच्या टोपल्यांना वळसा घालून ती फिरली आणि परत आली, तोंडावर घाम, डोळे कुठंतरी लांब. माझ्या आईनं पदर तोंडाला लावला. काकीनं लगेच कामाचं सुरू केलं. "पाय लोंबतायत, पट्टी वर घ्या. ब्रेक घट्ट करा. चाकात हवा हाय का भरीव? हवेची बरी, खड्ड्यात हादरत नाय. आनि पंक्चर काय, आमचा सायकलवाला काढतो." दुकानदार आता तिच्याशीच बोलत होता. त्यानं सांगितलं, आजी, गादी घ्याच. तुम्हाला खाली दुखत नाही ना, म्हणून जखम झाली तरी कळत नाही, अशा जखमेनं माणूस जातो. गादीवर काकीनं घासाघीस सुरू केली. मी म्हणालो, "मॉलमधी करता का वो असं?" तिनं माझ्याकडं डोळे वटारले. पण गादी घेतली.

तेवढ्यात शांती धावत आली, कोणीतरी तिला सांगितलं होतं. बाजारातच रडायला लागली. "आय, एवडं सगळं कशाला? माज्याकडं ऱ्हा ना गो."

"तुज्याकडं मी पावनी," काकी म्हणाली. "रडू नको. ही खुर्ची मिटवून गाडीत घाल बगू."

घरी आलो. खुर्ची दारातून गेली, काकीच्या बोटांची सालटी निघाली तेवढी. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना मी फळ्या तिरप्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी संडासात गेली आणि आतून कडी लावून घेतली. आई सवयीनं बाहेर उभी. आतून काकी ओरडली, "जा गो कृष्णाबाय, भात लाव जा!" आई हसत हसत परत आली आणि मग चुलीशी बसून रडली.

मला वाटलं, झालं, सुटलो. कसलं काय!

घरापासून हायवेपर्यंत पंचायतीनं सिमेंटचा रस्ता केलाय. काकी त्यावरून निघाली की पहिल्या दारापाशीच कोणीतरी मागून यायचं आणि खुर्चीच्या मुठी धरायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. "चला काकी!" आणि ढकलत सुटायचं. कोणी भरधाव, कोणी गप्पा मारत. एकानं तिला दर्शनाला म्हणून देवळात नेऊन ठेवलं, ती दुकानाला निघाली होती. दुकान धड सुरू होतच नव्हतं. सगळ्यांची माया होती, ते मी नाकारत नाही. पण तिच्या पाठीमागून बोलायचे, तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचे, "कशी हाय आता?" असं ढकलणाऱ्यालाच विचारायचे.

आणि गणपती तोंडावर आले असताना ती निम्म्या वाटेवर पोचली तर मागून हैबतराव. "वहिनी, एवड्या उनात कुटं?" त्यानं मुठी धरल्या आणि खुर्ची घराकडं वळवली. काकीनं ब्रेक मारला. खुर्ची खाडकन थांबली, ती पुढं कोलमडली, सिमेंटवर पडता पडता वाचली. "बगा!" हैबतराव म्हणाला. "म्हनून सांगतो, हे तुमचं काम नाय." तिला अंगणात सोडून तो गेला. जाता जाता म्हणाला, "उद्या मोबाईलवाला गाळा बगायला येतोय."

मी ऐकलं आणि धावत आलो. अंगाची लाही झाली होती. म्हणालो, "चल काकी, मी नेतो तुला, बगतो कोन अडवतंय," आणि मुठी धरल्या.

"हात काड," ती म्हणाली.

"अगं, मी..."

"तू पन. हात काड."

मला राग आला. एवढं करून हे! मी हात काढले. ती स्वतःच निघाली, हायवेकडं नाही, वेल्डिंगवाल्या सखाकडं. मी मागून चालत राहिलो. सखाला ती म्हणाली, "ह्या मागच्या मुठी काप."

सखा हबकला. "काकी, नवी खुर्ची हाय."

"माजी हाय."

मी ओरडलो, खरंच ओरडलो. "डोकं फिरलंय का तुजं? नाली आली, चढ आला, तर धरायचं कुटं? पडलीस तर?"

"पडले तर आवाज देईन. पाय गेलेत, गळा हाय." तिनं सखाकडं बघितलं. "काप."

सखानं ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या, दोन मुठी जमिनीवर पडल्या. त्यानं कडा घासून गुळगुळीत केल्या आणि टोकांना रबर ठोकून दिलं. मी त्या दिवशी तिच्याशी बोललो नाही. मला अजूनही वाटतं, तो वेडेपणा होता. चढावर आजही ती धापा टाकते, आणि धरायला जावं तर हाताला काही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॅसेंजर भरून निघालो, तर गाळ्यापाशी हैबतराव उभा, शेजारी मोबाईलवाला टेप लावून माप घेतोय. आणि सिमेंटच्या रस्त्यानं काकी येत होती. दोघेजण मागून आले, हात पुढं केले, हाताला काहीच लागलं नाही म्हणून गोंधळून उभे राहिले. ती पुढं निघून आली. दुकानाच्या आधी नाली आहे, तिच्यावरची फरशी एका बाजूनं खचलेली. पुढची चाकं तिथं अडकली. तिनं रेटलं. परत रेटलं. नाही निघाली.

मी गाडी थांबवली. उतरणार होतो, पण माझ्या आधी हैबतराव आला. सवयीनं तिच्या मागं गेला, दोन्ही हात पुढं केले, आणि तसाच उभा राहिला. धरायला काहीच नव्हतं. मग वळसा घालून तो पुढं आला. ही खुर्ची आल्यापासून पहिल्यांदाच मी त्याला तिच्या समोर उभा बघत होतो.

"भावजी," काकी म्हणाली, "खाली वाका. पायाजवळचा दांडा धरा. मी सांगेन तवाच उचला."

हैबतरावाला वाकणं सोपं नव्हतं. त्यानं गुडघे टेकले, धोतर धुळीत गेलं. त्याचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं.

"उचला."

त्यानं पुढची चाकं उचलली, तिनं मागची रेटली, खुर्ची नालीपार झाली. माझ्या गाडीतले पॅसेंजर ‘चल रे’ म्हणून ओरडत होते. मी इंजिन बंद केलं.

हैबतराव धूळ झटकत उठला. त्या मोबाईलवाल्याकडं बघितलं, काकीकडं बघितलं. जरा चाचरत म्हणाला, "वहिनी, मग... गाळा देऊ का याला?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता.

"नाय," काकी म्हणाली. "बाजूला व्हा आता, मला कुलूप काडायचंय."